वर्षापुरतं लोणी

मर्सर्स कोव्ह,
शुक्रवार, दिवेलागणीनंतर

प्रिय आयव्ही,

हे पत्र उद्याच्या बोटीने निघेल. वाऱ्यामुळे बोट आली नाही तर सोमवारच्या. तू म्हणशील, बाबा, फोन आहे की घरात. आहे. पण रविवारी फोनवर माझी जी फजिती झाली ती तू ऐकलीस. फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलून जातो आणि ते मागे घेता येत नाही. कागदावर निदान खोडता येतं. याआधीचे दोन कागद चुलीत गेले, तेव्हा हा तरी टपालात पडेल अशी आशा.

रविवारी तुझा वाढदिवस. मी नेहमीसारखा जेवण आटोपून फोन केला. मैत्रिणींना येऊ नका म्हणून कळवलंय, केक आणलेला नाही, सकाळपासून पडदे ओढून बसलेय, असं तू सांगितलंस. मी विचारलं, ताप आहे का. नाही म्हणालीस. आणि मग तू बोललीस ते जसंच्या तसं लिहितो, कारण तुझं बोलणं मी माझ्या शब्दांत फिरवलेलं तुला कधीच आवडलं नाही. "बाबा, वाढदिवस कशाचा करायचा? मी रोज आकडे बघते. माणसांचं काही खरं नाही आता. आपण टिकणार नाही आहोत, आणि हे कळूनसुद्धा सगळे मेणबत्त्या फुंकतायत."

यावर तुझ्या बापाने काय विचारावं? तर खिडकीच्या फटीत कापूस भरलास का, थंडी सुरू होईल आता. तू हसलीही नाहीस. "भरते," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

त्यानंतर मी काय केलं ते सांगतो. मी तुझे आकडे तपासले. गेल्या वर्षी तू पाठवलेला तो तुमच्या संस्थेचा अहवाल, समुद्राच्या खोल पाण्याच्या तापमानाचा, तो मी टेबलावर घेऊन बसलो. तुला वाटलं असेल की बापाने तो शोभेला कपाटात ठेवलाय. तसं नाही. नववीत शाळा सोडून मी तुझ्या आजोबांच्या बोटीवर गेलो तेव्हा मला साधा त्रैराशिकाचा हिशेब धड येत नव्हता. पुढे भिजलेल्या, पाठ फाटलेल्या नौकानयनाच्या पुस्तकावरून त्रिकोणमिती शिकलो. बंद पडलेलं इंजिन स्क्रूपर्यंत सुटं करून पुन्हा जोडलं तेव्हा इंजिन शिकलो. आणि संख्याशास्त्र शिकलो ते केवळ मुलगी काय लिहिते ते कळावं म्हणून. ही बढाई आहे. ज्याला कुणी शिकवलं नाही त्याची बढाई दुसरं कोण मारणार?

चूक सापडावी म्हणून बसलो होतो, हेही लपवत नाही. एखादा उपकरणातला दोष, एखादं वर्ष चुकून दोनदा धरलेलं, काहीतरी. सापडली नाही. तुझं काम चोख आहे. मी स्वतः तपासलं नसतं तरी इथे बसून जे दिसतं ते काही वेगळं सांगत नाही. तू लहान होतीस तेव्हा जूनमध्ये कॅपलिन मासे किनाऱ्यावर थरच्या थर लोळायला यायचे आणि आपण बादल्या भरून न्यायचो. आता येतात तेव्हा उशिरा, आणि करंगळीएवढे. म्हणून मी तुला 'सगळं ठीक होईल' असं लिहिणार नाही. तसं लिहिणारी माणसं मला आवडत नाहीत. तुलाही नाहीत, आणि ते तू माझ्याकडूनच घेतलंयस.

आता इथली बातमी, कारण तिचा आणि या सगळ्याचा संबंध आहे.

मूठभर माणसं उरलेलं हे गाव सोडायचं की नाही यावर आज पुन्हा मतदान होतं. नियम तुला माहीत आहे. जवळजवळ सगळ्या गावाने 'जाऊ' म्हटलं तरच सरकार आपल्याला हलवणार, आणि मग बोट बंद, वीज बंद. मागच्या वेळी एका मताने राहिलं होतं. ते एक मत कुणाचं यावर चिठ्ठ्या गुप्त असूनही कुणाला शंका नव्हती. या गावात काय गुप्त राहतं? दुकानात गेलो की गार्लंड स्किनर गल्ल्यामागून उठून उभा राहायचा आणि वाकून म्हणायचा, या राजेसाहेब, आपली परवानगी असेल तर आम्ही म्हातारे इथेच मरतो. बायकोने डोळे वटारले की म्हणायचा, गंमत करतोय गं. ती गंमत नव्हती.

हो, ते मत माझंच होतं. तुला सांगितलं नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, सेल्बी बायकोचं थडगं सोडून जायला तयार नाही. मी तसं वाटू दिलं, कारण त्यापुढे कुणी वाद घालत नाही. पण तुझ्या आईचं थडगं काही माझ्या मताची वाट बघत नव्हतं; उन्हाळ्यात येऊन गवत काढायला सरकार कुणालाच अडवत नाही. खरं कारण वेगळं होतं. मला वाटायचं, जायचं कुठे आणि कशाला? सगळंच बुडायचं असेल तर एका बुडत्या जागेवरून दुसऱ्या बुडत्या जागेवर ट्रंका वाहून न्यायच्या कशाला? तू रविवारी जे बोललीस ते मी कधीपासून मनात धरून बसलोय, आयव्ही. तुझ्याकडे त्याचे आकडे आहेत. माझ्याकडे नुसती हाडात शिरलेली थंडी होती. आणि अशा विचारात एक प्रकारचा मोठेपणाही वाटतो, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. दुकानात सगळे हॉकीवर नाहीतर वाऱ्यावर बोलत असतात आणि आपण कोपऱ्यात उभं राहून मनात म्हणतो, बोला, बोला. आपल्याला शेवट दिसतोय आणि यांना दिसत नाही, म्हणजे आपण यांच्यापेक्षा दोन पायऱ्या वर. त्या पायऱ्यांवर फार गार वारा असतो. पण खाली उतरायची लाज वाटते.

शेवट कसा असतो ते मी एकदा पाहिलेलंही आहे. खाडीपलीकडचं ते गाव उठलं तेव्हा तिथल्या विजेच्या इंजिनावरचा माणूस म्हणाला, माझ्याने होणार नाही, सेल्बीला बोलवा. मी गेलो. घरं रिकामी झाली होती. वास कोंडू नये म्हणून प्रत्येक स्वयंपाकघरात फ्रिजचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलेलं. मी खटका खाली ओढला. इंजिन थांबायला थोडा वेळ घेतं, धापा टाकतं, मग थांबतं. आणि ते थांबल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की तिथे समुद्राचा आवाज किती मोठा होता. इतकी वर्षं त्या लोकांना तो ऐकूच आला नव्हता. घरी येऊन मी हे तुझ्या आईला सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, हात धुऊन ये, सूप निवतंय. तेव्हा मला राग आला होता.

या सगळ्यात ट्रिफीआत्याचं काय झालं ते सांगायला हवं. आपली नात्याने कुणीच नाही आणि तरी सगळ्या गावाची आत्या. आता एक्क्याऐंशीची आहे. गुडघे गेलेत, छातीचंही दुखणं आहे. गँडरला मुलाने तळमजल्यावरची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवलीय, दवाखाना दोन गल्ल्या सोडून. गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत कळ आली तेव्हा धुकं असं बसलं होतं की हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. गार्लंडची बायको आणि मी आळीपाळीने तिच्या उशाशी बसलो. माझ्या 'नाही'मुळे ती इथे होती. तिला ते माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. मी तिला पाणी पाजत होतो आणि ती मला सांगत होती की माझ्या कॉलरची शिवण उसवलीय.

बुधवारी माझा वाढदिवस होता. तुझा फोन आला नाही. मी वाट पाहिली हे लिहिणार नव्हतो, पण लिहून झालं. खोडत नाही.

सकाळी गावाच्या विजेच्या इंजिनघरात होतो. दुसऱ्या इंजिनाचं तेल बदलायचं होतं. आत असताना मी कानांवर ती मोठी झाकणं चढवतो, त्यामुळे मागून कुणी आलं तरी कळत नाही. वाकून नळी घट्ट करत होतो. अचानक एक हात खांद्यावरून आला आणि माझ्या नाकाला, मिशीला आणि चष्म्याच्या डाव्या काचेला काहीतरी गार, गुळगुळीत फासून गेला. मी पाना हातात घेऊन गर्रकन वळलो. मागे ट्रिफीआत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या बोटांवर पिवळा थर, डोक्याचा रुमाल वाऱ्याने मागे सरकलेला, आणि चेहऱ्यावर अशी खुशी की जणू बँक लुटून आलीय.

तू पाच-सहा वर्षांची असताना मी आणि तुझ्या आईने तुला असंच झोपेत गाठलं होतं. तू उठून नाकाला हात लावलास, बोट चाटलंस आणि म्हणालीस, मीठ कमी आहे. हॅलिफॅक्सला गेलीस त्या वर्षी टोरांटोकडच्या मैत्रिणींना तू समजावून सांगत होतीस म्हणे, आमच्याकडे वाढदिवसाला नाकाला लोणी फासतात, म्हणजे अवदसा चिकटायला आली तरी घसरून पडते. आणि माणसाला बेसावध गाठावं लागतं, सांगून लावलेलं चालत नाही. त्या हसल्या. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस की आज पहिल्यांदा मला परक्या गावी आल्यासारखं वाटलं. तुझी आई गेल्यापासून माझ्या नाकाला कुणी लोणी लावलं नव्हतं. एकट्या माणसाला बेसावध गाठणार कोण? एका वर्षी मी बोटावर लोणी घेऊन आरशासमोर उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो. मग ते पावाला लावून खाल्लं.

तर बुधवारी, चष्मा पुसता पुसता, माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? मी म्हणालो, आत्या, हे लोणी नाही, तेलाचं मार्जरीन आहे. ते मार्जरीनच होतं, वासावरून कळतं. आणि इंजिनघरात तेलकट हाताने यायचं नाही असा नियम दारावर लिहिलाय, तोही मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "अवदसेला काय कळतंय, सेल्ब्या? आणि तुझं नाक बघ केवढं, एवढ्याला लोणी कुठून पुरवू?"

मी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, चहा केला, डब्यातलं घट्ट दूध तिला आवडतं तसं दोन चमचे जास्त घातलं. इंजिनघरापर्यंतची ती चढण, त्या फळ्यांची वाट, त्यात वारा. ती कशी चढली असेल, हाच पहिला विचार आला. मग दुसरा विचार आला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला: ही शुक्रवारच्या मतासाठी आलीय. गोड बोलून, लोणी लावून. मी वाट बघत बसलो. ती चहात बिस्किट बुडवत राहिली. माझ्या चुलीवर टांगलेल्या मोज्यांना भोक पडलंय असं म्हणाली. शेवटी मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, आत्या, मताचं बोलायचं असेल तर बोल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जेवणाच्या ताटावर बुटासकट पाय ठेवलाय. म्हणाली, शुक्रवारचं शुक्रवारी. आज बुधवार आहे, आज तुझा वाढदिवस आहे.

मग मी तिला तुझं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, कदाचित लाज झाकायला. सगळं सांगितलं, रविवारचा फोन, तुझे आकडे, खोल पाणी कसं तापतंय, मी सगळं कसं तपासलं आणि तुझं म्हणणं कसं बिनचूक निघालं. मी अहवाल आणून तिला आलेखसुद्धा दाखवला. ती चष्मा न लावता बघत होती, म्हणजे तिला फक्त एक वर जाणारी रेघ दिसली असेल. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, किती वर्षं म्हणते आपली आयव्ही? मी म्हटलं, नेमकं सांगता येत नाही, शंभर म्हण, कदाचित त्याआधीच सगळं हाताबाहेर जाईल. आत्याने कप खाली ठेवला.

"आणि यंदा तिच्या नाकाला लोणी कुणी लावलं?"

मी म्हटलं, कुणी नाही. ती एकटीच होती.

"म्हणजे पोर पडदे ओढून एकटी बसलीय, आणि तू इथे तिची गणितं तपासत बसलास."

मी शंभर वर्षांचं काहीतरी पुन्हा म्हणायला लागलो. तिने हात हलवून मला गप्प केलं. म्हणाली, "अरे, हे लोणी वर्षापुरतंच असतं. पुढच्या वर्षी परत लावायचं असतं. शंभर वर्षांचं एकदम कुणी लावतं का?"

आणि काठी घेऊन उठली. उतरताना मी तिचा दंड धरला तर म्हणाली, दुसऱ्या बाजूने धर, त्या बाजूला दुखतं.

तू यातून भलता अर्थ काढू नकोस. आत्याने मला आशा वगैरे दिली नाही. माणसांच्या भविष्याबद्दल तिचं काही मत असेल असं मला वाटत नाही, असलं तरी तुझ्या आकड्यांपुढे ते टिकणार नाही. पाणी तेवढंच तापणार. पण एक गोष्ट मी तेव्हापासून डोक्यातून काढू शकलेलो नाही. जिला माझ्यामुळे आणखी एक हिवाळा धुक्यात काढावा लागला, ती म्हातारी माझं वर्ष बरं जावं म्हणून ती चढण चढली. माझं मत मिळवायला नाही. मी आजही 'नाही' म्हटलं असतं तरी पुढच्या ऑक्टोबरात ती आलीच असती, जिवंत असती तर. शेवट दिसतो म्हणून मी इतकी वर्षं एका जागी बसून राहिलो. तिला तो माझ्यापेक्षा जवळ दिसतोय, आणि ती डब्यात बोटं बुडवून निघाली. आमच्या दोघांत कोण जास्त शिकलेलं आहे हा प्रश्न मी मनात काढला आणि लगेच बंद केला, कारण त्याने काही ठरत नाही. ठरायचं होतं ते एवढंच, की तिने गँडरला जावं की नाही. ते माझ्या हातात होतं.

आज सकाळी सरकारी बाई पेटी घेऊन बोटीने आली. हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. मी 'जाऊ'वर खूण केली. खूण चौकटीच्या बाहेर जात नाही ना हे दोनदा पाहिलं आणि चिठ्ठी टाकली. जेवणानंतर निकाल वाचला: जायचं. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे असे बसून राहिले की जणू कुणीतरी अजून यायचं आहे. ट्रिफीआत्या उठली आणि वैतागून म्हणाली की आता तिची ती निळी चिनी मातीची भांडी कोण बांधणार, गँडरपर्यंत एक तरी धड पोचेल का. मग बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी हॉलच्या पायरीवर जाऊन बसलो, तर गार्लंडही माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं आता राजेसाहेब करणार. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सेल्बी, तू परत नाही म्हणशील असं धरून मी हिवाळ्याचा सगळा माल मागवून ठेवलाय रे." मी म्हटलं, मग तू मला एवढे दिवस टोमणे का मारत होतास? म्हणाला, ते काय, सवय झाली होती. आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला खरं तर जायचं नव्हतं. माझ्या 'नाही'च्या आडोशाला तोही राहत होता, आणि मला इतके दिवस वाटत होतं की त्या आडोशाला मी एकटाच आहे.

बोट आणि वीज पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस बंद होणार. आपल्या गावाचा खटका मलाच ओढायचा आहे. सरकारी बाईने विचारलं, दुसरा माणूस पाठवू का. मी म्हटलं, नको, ते इंजिन दुसऱ्याच्या हातात नीट थांबत नाही. हे खरं आहे, आधी त्याचा भार उतरवावा लागतो.

संध्याकाळी गार्लंडकडे पत्ते असतात शुक्रवारी. आज कुणी गेलं नाही. खिडकीतून बघतो तर प्रत्येक घरात दिवा आहे आणि प्रत्येक जण आपल्याच घरात वस्तू उचलून बघत असणार, ही न्यायची की ठेवायची. मीही तुझ्या आईची मोठी कढई उचलून बघितली आणि परत ठेवली. हॉलमधून निघताना सगळे एकमेकांना विचारत होते, तू कुणाकडे, तू कुणाकडे. गार्लंड मुलीकडे, आत्या मुलाकडे. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझी व्यवस्था झालीय. छातीवर हात बांधून म्हणालो. आजवर मी कुणाला खोटं माप दिलं नाही, कुणाला चुकीचा भाग बसवून दिला नाही, आणि आज सगळ्या गावासमोर हे बोललो. आत्याने फक्त माझ्याकडे पाहिलं.

माझी काहीच व्यवस्था झालेली नाही, आयव्ही. रविवारी मी फोन केला तो तुझ्या वाढदिवसाचा होता हे खरं, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची होती. 'नाही' म्हणायचं की 'जाऊ' हे तेव्हा ठरलं नव्हतं, तरी ते वाक्य मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं. तू जे बोललीस त्यानंतर मला ते काढता आलं नाही; जी सगळ्या जगाचं ओझं घेऊन बसलीय तिला आपलं काय सांगायचं असं वाटलं, म्हणून ते कापसाचं निघालं तोंडातून. ते वाक्य आता इथे लिहितो. तुझ्या घरातली ती मागची खोली, जिथे तू सायकल आणि जुनी उपकरणं ठेवतेस, ती मला देशील का? मी सकाळी लवकर उठतो, खोकला आहे पण दार लावलं की ऐकू येत नाही, आणि तुला एकटं बसायचं असेल तेव्हा मी बंदरावर जाऊन बसेन. कायमचं म्हणत नाही. एका वर्षाचं बघू, मग पुढचं पुढे. मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे कसं मागतात ते मला नीट येत नाही. चुकलं असेल तर सांभाळून घे. माणसांचं पुढे काय होणार ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं आणि त्यात मी तुझ्याशी वाद घालणार नाही. मी फक्त एका माणसाचं विचारतोय.

तुझाच,
बाबा